करंट गेला : खानापूर तालुक्यातल्या एका फर्स्ट ऑफिसरचे १३० दिवस

आमच्या बेळगाव भागात ‘करंट गेला’ म्हटलं की माणूस आधी खांबाकडे बघतो. विमानवाल्यांच्या बोलण्यातला करंट वेगळा. पायलट करंट आहे म्हणजे त्याचे कागद, त्याच्या परीक्षा आणि त्याचा सराव, तिन्ही आजच्या तारखेला चालू आहेत. २०२० च्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका घरातून हे दोन्ही करंट एकदमच गेले होते, त्याची ही हकीगत.

मी एका विमान कंपनीच्या ट्रेनिंग रेकॉर्ड्स विभागात बरीच वर्षं काढली. कारकुनीच म्हणा. कुणाचं मेडिकल कधी संपतं, कुणाची सिम्युलेटरमधली, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधली, चेक कधी आहे, कुणाला रोस्टरवर घेता येत नाही, हे सांगणारा माणूस. नोकरी सोडून शहापूरला घरी येऊन बसलो तरी ओळखीची पोरं फोन करतात, मीही फुकटात तारखा सांभाळून देतो. हा त्यातलाच एक. गाव नंदगडच्या पुढे, वय २९, एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बेस मुंबई. त्याचे वडील आणि मी आरपीडी कॉलेजात एका बाकावर बसायचो, त्यामुळे तो मला काका म्हणतो आणि मी त्याला हक्काने झापतो. नाव देत नाही. एफओ म्हणतो.

१९ मार्च २०२० ला एफओने मुंबईत शेवटचं लँडिंग केलं. दोन-तीन दिवस सुट्टी होती, म्हणून २१ ला गाडी काढून घरी आला. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर त्या दिवशी कुणी हातही दाखवला नाही. २२ ला जनता कर्फ्यू, २४ च्या मध्यरात्री देशांतर्गत विमानं थांबली, २५ पासून लॉकडाऊन. बॅगेत दोन युनिफॉर्मचे शर्ट, आयपॅड, लॉगबुक आणि हेडसेट. बाकी संसार अंधेरीच्या भाड्याच्या खोलीत.

थोडं नियमांबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं पायलटचं लायसन म्हणजे गाडीच्या लायसनसारखं, एकदा काढलं की झालं. लायसन हा फक्त खुंटा. त्याला बांधलेली दावी बरीच असतात आणि प्रत्येक दाव्याची लांबी वेगळी. क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आतल्या एअरलाइन पायलटला वर्षातून एकदा. सिम्युलेटरमधली प्रोफिशियन्सी चेक दर सहा महिन्यांनी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर उडायची परवानगी, वर्षाला. धोकादायक मालाचं प्रशिक्षण दोन वर्षांनी. आणीबाणीत दरवाजे उघडण्यापासून सहकाऱ्याशी बोलण्यापर्यंतचे रिफ्रेशर कोर्स वेगळे. विमानतळात शिरायचा पास, ज्याला सगळे एईपी म्हणतात, तो तर डीजीसीएचा, म्हणजे पायलटांचे नियम बघणाऱ्या खात्याचा, नसतोच. तो बीसीएएसचा, म्हणजे सुरक्षा खात्याचा. आणि या सगळ्यांच्या वर एक साधा नियम: गेल्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. यालाच रिसेन्सी म्हणतात. बाकीच्या तारखा कागदावर छापलेल्या असतात, ही कुठेच छापलेली नसते. ती लॉगबुकातून मोजावी लागते आणि रोज एक दिवस पुढे सरकते.

एफओची चेक नोव्हेंबरात झालेली, म्हणजे पुढची ३१ मेपर्यंत. मेडिकल २० जूनला संपणार. धोकादायक मालाचं प्रशिक्षण आणि एईपी, दोन्ही ऑगस्टात. आणि १९ मार्चपासून ९० दिवस मोजले की येतो १७ जून.

मार्चच्या शेवटी डीजीसीएकडून मुदती वाढल्याची बातमी आली. जगभर तेच चाललं होतं. सिम्युलेटर बंद, डॉक्टर कोविडच्या कामात, मग परीक्षा घेणार कोण आणि देणार कोण? अमेरिकेच्या एफएएनेही एप्रिलअखेर खास नियम काढून मेडिकलच्या तारखा पुढे ढकलल्या. एफओचा फोन आला तेव्हा आवाजात निवांतपणा होता.

“काका, सगळ्या तारखा पुढं गेल्या. आता काय काळजी नाही.”

“आणि कर्जाचा हप्ता?”

“तो पण गेला की पुढं. रिझर्व्ह बँकेनं तीन महिने दिलेत.”

“व्याज?”

जरा थांबला. “ते चालूच हाय.”

मला जे सांगायचं होतं ते त्यानेच सांगितलं. ट्रेनिंगसाठी बापाने भाताची दोन एकर तारण ठेवलेली, त्यामुळे हप्ता पुढे गेला म्हणजे कर्ज फिटलं नाही, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. २७ मार्चला जाहीर झालेली ती सवलत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, तरी व्याजाचा काटा फिरतच राहिला. मुदतवाढीचं पत्रही तसंच आहे. तारीख पुढे जाते. हात मात्र त्याच दिवशी थांबलेला असतो. शिवाय हजारो पायलटांच्या तारखा एकाच पत्राने पुढे गेल्या म्हणजे त्या सगळ्या पुढे जाऊन एकाच ठिकाणी थडकणार, आणि देशात सिम्युलेटर काही मोहरमच्या पंजांसारखे गल्लोगल्ली नाहीत. ते चोवीस तास चालतात तरी पुरत नाहीत, पहाटे दोनचा स्लॉट मिळाला तरी लोक खुशीने जातात. त्यात आता दोन बॅचच्या मध्ये कॉकपिट पुसून घ्यायला वेळ सोडायचा.

मी त्याच्यासाठी नवा तक्ता केला. एरवी माझ्या तक्त्यात एकच रकाना असायचा, मुदत संपण्याची तारीख. या वेळी शेजारी दुसरा घातला: ‘शेवटचा हात’. म्हणजे ते काम त्याने खरोखर शेवटचं कधी केलं ती तारीख. पहिल्या रकान्यात पत्र येईल तसं खाडाखोड. दुसऱ्यात मात्र मार्च, नोव्हेंबर आणि त्याहून जुन्या तारखा, कुणाच्या पत्राने न हलणाऱ्या.

आता भिंत.

पायलट मंडळी कॉकपिटचं मोठं चित्र भिंतीला लावून त्याच्यासमोर खुर्ची टाकतात आणि हात फिरवून क्रम पाठ करतात. टाइप रेटिंगच्या, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान शिकण्याच्या, वेळी सगळेच करतात, नोकरी लागली की चित्राची गुंडाळी माळ्यावर जाते. एफओची गुंडाळी अंधेरीत. मग त्याने आयपॅडवरून पॅनलचे तुकडे काढून नंदगडच्या एका झेरॉक्सवाल्याकडून, दुकानं उघडली त्या आठवड्यात, कागदावर छापून आणले आणि माडीवरच्या खोलीत गव्हाच्या खळीने चिकटवले. समोर मुख्य पॅनल, खाली पाटावर थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, म्हणून दोन लाटणी, आणि ओव्हरहेड पॅनल खरोखरच वर, तक्तपोशीला. खानापूरकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला पुढचं कळलं असेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या लाकडाला ओल धरली आणि हायड्रॉलिक, इंधन, वीज अशा सगळ्या यंत्रणा एकगठ्ठा त्याच्या डोक्यावर पडल्या.

त्याची आजी रोज जिन्यातून डोकावायची. “भित्तीला हात लावून काय करूलालास रे?”

“विमान चालवूलालो गं.”

“मग पेट्रोल कोण घालूलालंय?”

हे ऐकून मी हसलो, पण पोरगं नेटाने करत होतं. रोज सकाळी दीड तास. टेकऑफच्या ऐन क्षणी, ज्याला व्ही-वन म्हणतात, इंजिन बंद पडणं, आग, केबिनमधला दाब जाणं, गो-अराउंड म्हणजे उतरता उतरता पुन्हा वर जाणं. आणीबाणीच्या कवायती तर त्याला तोंडपाठ. दिवसातून दोन-तीनदा वीज जायची, नेटवर्कसाठी देवळाच्या टेकडीवर चढावं लागायचं, तिथे उभा राहून तो ऑनलाइन रिफ्रेशरचे वर्ग ऐकायचा. धोकादायक मालाचा कोर्स त्याने जूनमध्येच ऑनलाइन उरकला. मुदत ऑगस्टात असताना. यावर माझा फार आग्रह होता. जे घरबसल्या होतं ते मुदतवाढीच्या भरवशावर ठेवायचंच नाही, म्हणजे जे घरबसल्या होत नाही त्याला जागा राहते.

२५ मेपासून देशांतर्गत उड्डाणं एक तृतीयांश क्षमतेने सुरू झाली. मेअखेर सांबऱ्याकडून पुन्हा विमानाचा आवाज यायला लागला. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ चा, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला. आमच्या लहानपणी तिथे आठवड्याला मोजकीच विमानं उतरायची आणि आम्ही सायकली घेऊन कुंपणाशी जायचो. एफओला मात्र रोस्टरवर नाव नव्हतं. विमानं तीनातली एक उडत असेल तर पायलटही तेवढेच लागणार. १७ जून आला आणि गेला. त्या दिवशी त्याचा मेसेज आला, फक्त एक शब्द: ‘गेला’. मी समजलो वीज गेली. तो म्हणत होता करंट.

पुढचा प्रश्न खरा गुंत्याचा होता आणि या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग तोच. जुलैत चेक दिली तर पुढची चेक कधी? चेक दिली त्या दिवसापासून सहा महिने मोजले तर जानेवारी २०२१. पण मूळ मुदत ३१ मे होती, मधला काळ फक्त सवलतीचा, म्हणून चक्र मूळ तारखेवरूनच मोजायचं असं धरलं तर नोव्हेंबर २०२०. म्हणजे जेमतेम चार महिने. रेकॉर्ड्समधल्या जुन्या मित्रांशी फोनवर बोललो, दोन्ही बाजूंनी बोलणारे निघाले, प्रत्येकाकडे आपापली कारणं. मी तक्त्यात दोन्ही तारखा लिहिल्या आणि नोव्हेंबरची ठळक केली. आमच्या धंद्यात हा जुना रिवाज: दोन अर्थ निघत असतील तर बेत कडक अर्थावर करायचा, सवलतीचा अर्थ पुढे-मागे अडचणीला. आधी दिलेल्या चेकबद्दल कुणी पायलटला जाब विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. उशिरा दिलेल्याबद्दल मात्र खुलासे टाइप करता करता माझ्या बोटांना घट्टे पडलेत.

एफओला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. घरात ८४ वर्षांची आजी. बेंगळूरला जाऊन यायचं म्हणजे घरी काय घेऊन येऊ कुणास ठाऊक. मुदतवाढ हातात असताना धोका कशाला? मुंबईचा प्रश्न तर आणखी वेगळा. महाराष्ट्रातून कर्नाटकात आलेल्या माणसाला तेव्हा सात दिवस सरकारी क्वारंटाइन होतं. आमच्याकडे नोकरी पलीकडे आणि घर अलीकडे अशी हजारो माणसं आहेत. कागल-निपाणीचा रोजचा रस्ता एकदम परमुलुखाचा झाला. त्याच्या वहिनीचं माहेर चंदगडला, तिला वडिलांच्या दहाव्यालाही जाता आलं नाही. एफओला मुंबईत चेक द्यायला पाठवलं असतं तर परत आल्यावर आठवडाभर खानापुरातल्या कुठल्यातरी वसतिगृहात राहावं लागलं असतं. म्हणून मी त्याला सांगितलं, कंपनीला लिही, सिम, म्हणजे सिम्युलेटर, बेंगळूरचा मिळाला तर बघ. राज्यातल्या राज्यात जाऊन येता येतं. आणि आजीची सोय म्हणून परतल्यावर तू दहा दिवस शेतातल्या खोपटात राहा. खोपटात राहायला तो लगेच तयार झाला, हे मला जरा संशयास्पद वाटलं. नंतर कळलं तिथे नेटवर्क चांगलं येतं.

स्लॉट मिळाला १६ जुलैचा. मेडिकल त्याच्या दोन दिवस आधी, तेही बेंगळूरलाच. बॅग भरली, जुन्या ऑल्टोचं ऑइल बदललं. आणि बेंगळूरमध्ये १४ जुलैच्या रात्री आठपासून २२ च्या पहाटेपर्यंत लॉकडाऊन जाहीर झाला. सगळं मोडलं. कंपनीच्या ट्रेनिंग विभागातून नवा स्लॉट मिळायला चार दिवस गेले, आणि या चार दिवसांत तो मला आठ वेळा म्हणाला, “काका, बघा, मुदतवाढ होती तेच बरं.” होय, होती ते बरंच. मुदतवाढ नको असं मी कधीच म्हटलं नाही. असे धक्के पचवायलाच ती असते. पहिल्या दिवसापासून तिच्यावर रेलून बसलेल्या माणसाकडे धक्का बसतो त्या दिवशी काहीच शिल्लक उरत नाही.

नवा स्लॉट २७ आणि २८ जुलै. पहिल्या दिवशी सराव, दुसऱ्या दिवशी चेक.

मेडिकलबाबत दोन गोष्टी मी आधी बजावल्या होत्या. एक, पाचशे किलोमीटर गाडी मारून त्याच दिवशी डॉक्टरसमोर बसायचं नाही. रक्तदाब वाढलेला येतो, आणि कानाची तपासणी असते. दिवसभर इंजिनाचा घुमारा ऐकलेल्या कानाची ऑडिओमेट्री खराब येऊ शकते. दोन, सिमच्या आधी मेडिकल, आणि मध्ये शक्य तितके दिवस. काही निघालं आणि तात्पुरतं अनफिट केलं तर सिमचा स्लॉट दुसऱ्याला देता येतो. उलट क्रमाने केलं तर चेक पास होऊन तिचे सहा महिने सुरू होतात आणि माणूस घरी बसतो. मला मध्ये आठवडा हवा होता, लॉकडाऊनने तो खाल्ला. गुरुवारी, २३ ला, पहाटे पाचला निघून धारवाड, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग करत तो संध्याकाळी पोचला, शुक्रवारी दुपारी मेडिकल. वजन चार किलो वाढलेलं. आईच्या हातचं चार महिने खाल्लं की दुसरं काय होणार? बाकी ईसीजी, रक्त, डोळे, कान ठीक. रविवारी शहरात संपूर्ण बंद, तो दिवस लॉजच्या खोलीत.

सोमवारी सकाळी सहाचा सिम. १९ मार्चपासून १३० वा दिवस.

दुपारी फोन आला. मी विचारलं, इंजिन फेल्युअर कसं झालं? म्हणाला, “ते मस्त झालं काका. व्ही-वनला इंजिन कापलं, रडर बरोबर बसला, इन्स्ट्रक्टर बोलले छान. हात विसरला नाही.” मग गप्प. मग म्हणाला, “क्यूएनएच विसरलो.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. वर असताना सगळी विमानं १०१३ हेक्टोपास्कल हा ठरलेला दाब लावतात, म्हणजे सगळ्यांची मोजपट्टी एक राहते. खाली उतरताना ठरावीक पातळीवर त्या जागेचा खरा दाब, म्हणजे क्यूएनएच, लावायचा. पावसाळ्यात मुंबईकडे तो १००५ च्या आसपास असतो. त्या दिवशी सिममध्ये तोच दिला होता. आठ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे सव्वादोनशे फूट, आणि तोही चुकीच्या बाजूला: काटा दाखवतो त्यापेक्षा विमान खाली असतं. ढगात, डोंगराच्या कडेने उतरताना सव्वादोनशे फूट थोडे नव्हेत. ए३२० मध्ये पडद्यावरची दाबाची खूण लुकलुकून आठवण करून देते. ती लुकलुकत होती, एफओ तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या मनात काहीच उमटलं नाही. शेजारच्या कॅप्टनने पकडलं.

एवढंच नाही. गो-अराउंडमध्ये ‘पॉझिटिव्ह क्लाइंब’ हा पुकारा उशिरा. लँडिंगनंतर एपीयू, म्हणजे शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन, सुरू करायचा राहिला. एटीसीची, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरची, फ्रिक्वेन्सी चुकीची वाचून दाखवली. चेक नापास व्हावी असं यात काही नव्हतं, शिवाय तो दिवस सरावाचा होता. पण यादी बघा. आग लागली, इंजिन बंद पडलं, दाब गेला, सगळं चोख. चुकलं ते रोजचं, जे तो मार्चपर्यंत दिवसातून चार वेळा झोपेतसुद्धा करत होता.

मी रात्री त्यावर विचार करत बसलो. भिंतीवर त्याने आणीबाणी घोटली होती, कारण आणीबाणीची भीती वाटते. रोजच्या कामाची भीती कुणाला वाटते? दुसरी गोष्ट मला उशिरा सुचली. भिंत गप्प असते. कॉकपिटमधली निम्मी कामं बाहेरून कुणीतरी काही बोललं म्हणून सुरू होतात. एटीसी म्हणतो, चार हजार फुटांवर या, क्यूएनएच अमुक. त्या वाक्याला हात उठतो. शेजारचा म्हणतो ‘फ्लॅप्स वन’. त्याला हात उठतो. माडीवर असं म्हणणारं कुणी नव्हतं. आजी होती, पण ती पेट्रोलचं विचारायची.

रात्री साडेआठला मी फोन केला. म्हटलं, खुर्ची घे, आयपॅड समोर ठेव, मी एटीसी होतो. चाळीस वर्षांच्या कारकुनीनंतर मी पहिल्यांदा विमान उतरवलं. चष्मा लावून जुन्या वहीतलं एकेक वाक्य वाचत होतो, “डिसेंड टू फोर थाउजंड फीट, क्यूएनएच वन झीरो झीरो फाइव्ह,” आणि पलीकडून तो वाचून दाखवत, पुकारे देत, हात फिरवत होता. मी मुद्दाम मध्येच फ्रिक्वेन्सी बदलायचो, मध्येच रनवे. तिसऱ्या फेरीला मीच अडखळलो, चुकून दोन विमानांना एकच उंची दिली. त्याने मला झापलं. आमच्या सौ. दारात उभ्या राहून ऐकत होत्या. अकरा वाजेपर्यंत सात लँडिंगं झाली, सगळी साधी, एकही इंजिन बंद न पाडता.

मंगळवारी चेक पास. रिसेन्सीची तीन टेकऑफ-लँडिंगंही त्याच सिममध्ये झाली. पूर्ण दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये ती चालतात. ऑक्सिजन मास्कची कवायत तोंडीच घेतली, एकाच्या तोंडाचा मास्क दुसऱ्याने लावायला नको म्हणून. चार तास तिघं माणसं एका बंद डब्यात एन-९५ लावून, काच धुरकट, घाम. दहा दिवस खोपटात काढले, काही झालं नाही. आजी ठणठणीत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो कंपनीचं पत्र घेऊन कोगनोळीवरून मुंबईला गेला. एईपीची आठवण मी त्याच्या निघण्याआधी करून दिली. डीजीसीएने कितीही तारखा हलवल्या तरी फाटकावरचा जवान बीसीएएसच्या पासावरची तारीख बघतो, आणि नव्या पासाच्या पोलीस पडताळणीचा कागद खानापूर ठाण्यात अडकला होता. तो त्याच्या वडिलांनी तीन चकरा मारून सोडवला. पहिली काही उड्डाणं ट्रेनिंग कॅप्टनबरोबर, मग लाइनवर.

गणपतीला मात्र आला नाही. आला असता तर पुन्हा क्वारंटाइन. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला, त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती, २३ ला विसर्जन. २४ ला कर्नाटकाने परराज्यातून येणाऱ्यांचं क्वारंटाइन आणि नाक्यावरची तपासणी दोन्ही उठवली. त्याची आई अजून ते सांगताना सरकारला दोन शब्द ऐकवते.

सप्टेंबरात इंडोनेशियात मेदानला एक प्रवासी विमान उतरल्यावर क्षणभर धावपट्टीबाहेर गेलं. तिथल्या तपास यंत्रणेने काढलं की पायलटने आधीच्या ९० दिवसांत तीन तासही उड्डाण केलेलं नव्हतं, आणि फर्स्ट ऑफिसर १ फेब्रुवारीपासून उडालाच नव्हता. मी बातमी एफओला पाठवली. त्याचं उत्तर आलं, “काका, त्यांचे पण कागद बरोबर असतील.” कराची आणि कोळिकोडचे अपघात त्याच वर्षीचे, म्हणून लोक तेही या खात्यात घालतात. मला ते बरोबर वाटत नाही. कोळिकोडच्या तपास अहवालात मुख्य कारण दिलंय ते अस्थिर अॅप्रोच, म्हणजे नीट न बसलेलं उतरणं, रेटत नेणं आणि धावपट्टीवर फार पुढे टेकणं. प्रत्येक अपघात सरावाच्या खुंटीला टांगायचा म्हटलं तर मूळ दुखणं नजरेआड होतं.

नोव्हेंबरची चेक त्याने नोव्हेंबरातच दिली, कडक तारखेवर. कुणी मागितली नव्हती. २०२१ च्या मेमध्ये दुसऱ्या लाटेत विमानं पुन्हा कमी झाली, १ जूनपासून क्षमता ५० टक्क्यांवर आली. त्याच सुमारास लशीचा डोस, आणि लशीनंतर ४८ तास उड्डाण नाही हा डीजीसीएचा नियम, असे दिवस सुटत गेले. या वेळी त्याच्या दोन लँडिंगांत सर्वांत मोठी फट ४७ दिवसांची पडली. नियमाच्या हिशोबाने ती फट नव्हेच, ९० पूर्ण व्हायला अजून दीड महिना होता. तरी २१ दिवस होऊन गेले तेव्हा त्याचा फोन आला. रात्रीचे नऊ. मी जेवत होतो.

“काका, मोकळे आहात? एटीसी व्हायचंय.”

मी हात धुतला आणि वही काढली.